भंगारातला टर्बो आणि वाटूरचा चढ

"बंद कर! आधी बंद कर ती!" मी ओरडलो, कारण धुरात विजय दिसेनासा झाला होता.

फटफटी बंद झाली. धूर मात्र हलेना. पांढरा, दाट, तेलकट. समोरचा शिंपी खोकत बाहेर आला आणि म्हणाला, "काय मिस्त्री, मच्छर मारायचं कंत्राट घेतलं का?" उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मलाच खोकला आला. विजय डोळे पुसत म्हणाला, "काका, पण चालू तर झाली ना?" चालू झाली म्हणे! घर पेटलं तरी उजेड बराबर पडला म्हणणाऱ्यांतला हा पोरगा.

मी दत्ता मिस्त्री. मूळचा अंबड तालुक्यातला, अंतरवाली सराटीच्या बाजूचा. शेती थोरल्या भावाकडं सोपवून मी आयटीआय केलं आणि जालन्यात मस्तगडच्या मागच्या गल्लीत मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज टाकलं. आयुष्यभर तेच केलं. आता पुतण्या बघतो आणि मी खुर्चीत बसून त्याला चुका दाखवतो. ही गोष्ट मोबाईल यायच्या आधीची, नव्वद साल उलटून गेल्यानंतरची.

विजय म्हणजे मोतीलालशेठचा एकुलता एक मुलगा. घराणं राजस्थानातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात राहिलेलं. धंदा भंगाराचा. जालन्यात लोखंडी सळया करणाऱ्या मिल आहेत, त्यांना वितळवायला भंगार लागतं, आणि ते कुठून कुठून येतं. मोडकी जहाजं, मोटारी, परदेशातली यंत्रं, सगळं कापून ट्रकमधून. मोतीलालशेठ ते किलोवर घ्यायचे आणि मिलला किलोवर द्यायचे. आत काय आहे ते बघायचं नाही, काट्यावर काय आहे ते बघायचं.

विजय नेमका उलट. औरंगाबादहून डिप्लोमा करून आल्ता. बापाच्या ढिगाऱ्यात उकिरडा फुंकल्यासारखा फिरायचा. एक दिवस गॅरेजमध्ये आला आणि फडक्यात गुंडाळलेली वस्तू माझ्या बाकावर ठेवली.

"काका, बघा काय सापडलं."

दोन गोगलगाई पाठीला पाठ लावून बसल्यासारखी ती वस्तू. तळहातावर मावेल एवढी. एका बाजूच्या तोंडातून बोटानं आतला पंखा फिरवला तर दुसऱ्या बाजूचाही फिरला, आणि फिरतच राहिला. जपानी छोट्या मोटारीचा टर्बो होता तो. ट्रकचे टर्बो मी पाहिले होते. एवढासा, बाहुलीच्या संसारातला वाटावा असा, कधी नव्हता पाहिला.

टर्बो म्हणजे काय, ते सांगतो. चुलीत लाकूड असतं, पण जाळ होत नाही. मंग आपण फुंकणी घेतो. हवा आत गेली की जाळ भडकतो. इंजिन ही चूल आणि टर्बो ही फुंकणी. फरक इतकाच की फुंकायला माणूस लागत नाही. चुलीतून जो धूर बाहेर पडतो, तोच एका पंख्याला फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून चुलीत कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. मिनिटाला लाखाच्या वर फेरे होतात. त्याच्यापुढं मिक्सर म्हणजे बैलगाडी.

"हा फटफटीला बसवायचा," विजय म्हणाला.

"तुझ्या बापाला माहीत आहे?"

"त्यांनीच तर अट घातली ना."

अट अशी होती. शेठजींना वाटायचं, पोरानं दिवाळीच्या पाडव्यापासून पेढीच्या गादीवर बसावं. पोराला स्वतःचा वर्कशॉप टाकायचा होता, लेथ मशीन, वेल्डिंग, सगळं. रोज जेवताना भांडण. शेवटी एका दिवशी शेठजी ताटावरून उठता उठता म्हणाले, "मी किलोनं विकत घेतलेलं लोखंड तू चालवून दाखव. त्याच्यावर मला बसवून वाटूरच्या रस्त्यावरचा चढ टॉप गिअरमध्ये चढव. गिअर पाडला किंवा गाडी थांबली, तर गादी. चढला, तर एमआयडीसीतला मोकळा प्लॉट तुझा. जबान म्हणजे जबान."

त्या चढाचा आणि शेठजींचा जुना हिशोब होता. तरुणपणी ते वाटूरच्या बाजाराला फटफटीवर जायचे. चढ घाट म्हणण्याइतका उंच नाही, पण लांब आहे, संपता संपत नाही. प्रत्येक वेळी अर्ध्यात इंजिन रडायला लागायचं आणि गिअर पाडावा लागायचा. तेव्हा तर शेठजी बारीक होते. आता त्यांचं वजन शंभरी ओलांडून गेलेलं. ते मागं बसले की पुढचं चाक हलकं व्हायचं.

मी हो का म्हणालो? एक तर मला खाज. दुसरं, शेठजी माणूस कडक, पण सरळ. मागं एकदा माझी नवी वाइस, म्हणजे काम पकडून ठेवायचा शिकंजा, त्यांच्या ट्रकमधून आणली होती. त्यांच्या हमालाकडून उतरवताना ती पडली आणि जबडा फुटला. मी काही बोलायच्या आत शेठजी म्हणाले, "आमच्या माणसानं फोडली, आमची गेली. नवीन आणून देतो." असल्या माणसासमोर हरलो तरी लाज नाही, असं मला वाटलं.

तर धूर. टर्बोचा दांडा तेलावर तरंगत फिरतो. इंजिनातून एका नळीनं तेल वर चढवायचं आणि काम झालं की ते आपोआप खाली उतरून इंजिनात परत गेलं पाहिजे. आपोआप म्हणजे उतारानं. विजयनं हट्ट करून टर्बो इंजिनाच्या पुढं, अगदी खाली बसवून घेतला होता. का? तर तिथं लोकांना दिसतो. लोकांना दिसला खरा, पण तेलाला परत जायला उतारच नव्हता. ते टर्बोत तुंबलं, सायलेन्सरमध्ये गेलं आणि जळालं.

"विजू, पाणी चढावर वाहतं का रे?"

"न्हाई काका."

"मंग तेल कसं वाहील? डिप्लोमात हे शिकवून नव्हते राह्यले का?"

टर्बो वर घेतला. आता तो टाकीच्या खाली उजव्या बाजूला बसला आणि हवा ओढायचं त्याचं तोंड पुढं, हेडलाइटच्या जरा खाली आलं. हे तोंड लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड तिथंच झाली.

धूर थांबला तर दुसरं दुखणं. एक सिलिंडरचं इंजिन एका दमात श्वास घेत नाही, गचके देत घेतं. टर्बो सारखी हवा कोंबतोय आणि इंजिन मधेच नको म्हणतंय. ती हवा साठवायला मधे एक भांडं पाहिजे, दाब सोसणारं. विजय म्हणाला पुण्याहून मागवू. मी म्हणालो, पुणे कशाला, दादाकडं आहे. थोरल्या भावाचा कपाशीवर फवारायचा जुना पितळी पंप उचलून आणला. दाब धरण्यासाठीच बनलेली टाकी, शिवाय औषधातला कचरा अडवायला आत बारीक गाळणी. गाळणी मी काढणार होतो, पण तिचा स्क्रू गंजलेला होता. राहू दिली. दादा पुढं वर्षभर मला म्हणत होता, माझा पंप फटफटीला लावला, आता फटफटी कपाशीला लाव.

मंग पेट्रोल. फटफटीत पेट्रोल टाकीतून उतरून कार्ब्युरेटरच्या वाटीत पडतं, कुणी ढकलावं लागत नाही. पण टर्बोनं दाब दिला की तो दाब वाटीवरही येतो आणि पेट्रोलला दारातच अडवतो. त्यामुळं जरा रेस दिली की गाडी जोरात उसळायची आणि फुस्स. उसळायची आणि फुस्स. विजयचं तोंडही तसंच व्हायचं. शेवटी एका मोडक्या मोटारीचा छोटा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप बसवला, वाटीला वरून नळी जोडून दोन्हीकडचा दाब सारखा केला, आणि बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला दाब, जास्त वाढू दिला नाही. लोभ केला तर पिस्टनला भोक पडतं.

सगळ्यात शेवटी फिल्टर. टर्बोच्या तोंडाला धूळ चालत नाही, खडा तर बिलकुल नाही. स्पंजची एक टोपी शिवून घेतली, धूळ चिकटावी म्हणून तेलात बुडवली आणि तोंडावर ओढून बसवली. दिसायला काळी, चिकट. एखाद्या यंत्राला मळकं टोपडं घातल्यासारखी.

पहिल्यांदा चांगली चालली तेव्हा मी बसलो होतो. अंबड रोडला मोकळा रस्ता बघून टॉप गिअर टाकला, मूठ पिळली. आधी काहीच नाही. मंग एक बारीक शिट्टी ऐकू आली, आणि मागून कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तशी गाडी निघाली. काय सांगू! मी एकटाच त्या रस्त्यावर मोठ्यानं हसत होतो. परत आलो तर विजय गेटपाशी नखं खात उभा. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. त्याला कळलं.

दिवाळीच्या आधीचा शनिवार ठरला. सकाळी फटफटी शेठजींच्या दारात नेली. भाभीजी, म्हणजे विजयची आई, पूजेचं ताट घेऊन तयारच होत्या. माणूस फार प्रेमळ, आणि फार स्वच्छ. त्यांच्या घरात चप्पलसुद्धा धुऊन ठेवत असतील. बाप-लेकाच्या भांडणात दोघांची समजूत काढता काढता त्या दमून गेल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, चढेल ना हो? पोरगं रात्री जेवत न्हाई." मी म्हणालो, "भाभीजी, चढणार म्हणजे चढणार. तुम्ही बिनघोर राहा."

त्यांना बरोबर यायचंच होतं, म्हणून मी माझी जुनी जीप आणली होती. जीप सकाळी सुरू व्हायला नखरे करायची. मी गल्लीच्या तोंडाशी बॉनेटमध्ये डोकं घालून बसलो आणि तिकडं पूजा झाली. हेडलाइटला झेंडूचा हार, टाकीवर स्वस्तिक. शेठजी पांढरं धोतर सावरत मागं बसले. शॉकॅब्सॉर्बर कुरकुरले. विजयनं किक मारली. निघता निघता भाभीजी "थांबा, थांबा" करत परत पुढं धावल्या, काहीतरी केलं, आणि मंग पदरात काही घेऊन जीपमध्ये येऊन बसल्या. मला वाटलं, प्रसाद असेल.

जालना मागं पडलं. पुढं फटफटी, मागं आमची जीप. सपाट रस्त्याला विजय आरामात चालवत होता, मी सांगितलंच होतं की चढ येईपर्यंत जोर लावू नको. भाभीजींनी डबा उघडून मला पुऱ्या आणि लोणचं दिलं. मी एका हातानं खात होतो. ऊन चांगलं होतं, दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, आणि मला वाटत होतं की आपल्यासारखा मिस्त्री जिल्ह्यात नाही.

चढ आला. विजयनं मूठ पिळली. शिट्टी जीपपर्यंत ऐकू आली आणि फटफटी चढाला भिडली. गिअर पाडला नाही! शेठजींची भरलेली पाठ आमच्यापासून लांब लांब जायला लागली. माझी जीप दुसऱ्या गिअरवर आली तरी ते निघून राह्यले. अर्ध्या चढाला तर शेठजींनी एक हात वर केला आणि हवेत हलवला, जत्रेतल्या पाळण्यात बसलेलं पोरगं हलवतं तसा. तो माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा तसा पाहिला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

"भाभीजी, बघा! बघा शेठजी!"

म्हणून मी त्यांच्याकडं वळलो. त्या खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी वाऱ्यावर धरून बसल्या होत्या. काळं. ओलं.

"ते काय आहे?"

"हे? तुमचंच फडकं. त्या मशीनच्या तोंडावर होतं. इतकं मळलेलं, चिकट! देवाच्या तोंडावर कुणी फडकं ठेवून कुंकू लावतं का? काढलं, साबणानं धुतलं. आता वाळून राह्यलंय."

पुरी माझ्या घशात अडकली. तेलात बुडवलेला फिल्टर साबणानं धुऊन वाऱ्यावर! म्हणजे टर्बोचं तोंड उघडं. तरी मी मनाला म्हणालो, रस्ता डांबरी आहे, धूळ कमी आहे, पाव चढ तर राहिलाय.

"आणि निघताना काय केलं पुढं जाऊन?"

"लिंबू-मिरची बांधायची राहून गेल्ती ना. शनिवार आहे. त्या तोंडापाशी छान आकडा होता, तिथंच अडकवली."

तेवढ्यात वास आला. तुम्ही कढईत सुक्या मिरच्या टाकून विसरून गेलात तर जो वास येतो, तो. पुढच्या क्षणी मला ठसका लागला, मंग भाभीजींना, आणि मंग आम्ही दोघं असे खोकायला लागलो की जीप रस्त्यावर नागमोडी गेली. सपाटीला ती माळ नुसती झुलत होती. चढाला पूर्ण रेस दिल्यावर टर्बोनं असा श्वास ओढला की मिरच्या, लिंबू, सगळं आत. मिरच्यांचं वाटण झालं, गाळणीतून इंजिनात गेलं, जळालं आणि सायलेन्सरमधून थेट आमच्या नाकात आलं. त्याच माळेत तारेत ओवलेला बिब्बा असतो. काळा, कडक, गोटीसारखा. पुढून लेथवर हत्यार मोडावं तसा किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि शिट्टी बंद पडली.

विजयनं ताबडतोब क्लच दाबला आणि गाडी कडेला घेतली. गिअर पाडून रडत-खडत तो वर गेला असता, पण मोडक्या टर्बोसकट इंजिन चालवत ठेवलं तर इंजिनही गेलं असतं. त्यानं बराबर केलं. पण गाडी थांबली होती. चढाचं टोक डोळ्यांसमोर दिसत होतं, तिथल्या कडुलिंबाखाली बसलेली शेरडं मोजता आली असती.

मी पोचलो तेव्हा विजय गुडघ्यावर बसून टर्बोच्या तोंडात बोटं घालत होता. शेठजी धोतर झटकत पलीकडं उभे. धूर त्यांच्या मागं गेला होता, त्यांना मिरचीचा पत्ता नव्हता. विजयनं तोंडातून वाकडी तार ओढली. तिच्या टोकाला अर्धा फुटलेला बिब्बा. त्यानं तो पाहिला, जीपमधून खोकत उतरणाऱ्या आईकडं पाहिलं आणि मूठ मिटली.

"काय झालं?" शेठजींनी विचारलं.

"पंख्याची पाती तुटली, बाऊजी. फिल्टर नीट बसला नव्हता. खडा गेला आत. चूक माझी."

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "अरे ए, खडा कसला? हे बघा शेठजी..."

विजयनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मागं भाभीजी पदरानं डोळे पुसत उभ्या होत्या आणि मला विचारत होत्या, "भाऊ, एवढा ठसका कशानं लागला हो? इथं कुणी फोडणी देऊन राह्यलं का?" त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. मी तोंड मिटलं. मला तोंड मिटायची सवय नाही, माझ्या बायकोला विचारा. पण मिटलं.

शेठजींनी चढाच्या टोकाकडं पाहिलं. मंग म्हणाले, "थांबली म्हणजे थांबली. पाडव्यापर्यंत कशाला, सोमवारपासून ये पेढीवर." आवाजात राग नव्हता. मला वाटतं, त्यांनाही वाईट वाटलं होतं.

सोमवारी विजय गादीवर बसला. मी गॅरेजमध्ये हातोडी आपटत होतो. दोन गिऱ्हाइकांना उगाच बोललो. टर्बो उघडून पाहिला. पंख्याची पाती पार गेली होती. तुकडे मात्र फवारणी पंपाच्या गाळणीत अडकलेले, इंजिनाला ओरखडा नाही. दादाच्या गंजलेल्या स्क्रूनं फटफटी वाचवली, पण पोराला कोण वाचवणार? सांगायला गेलो तर आईच्या माथी जातं. गप्प बसलो तर पोराचा वर्कशॉप जातो. आणि सांगू नको असं त्या पोरानंच डोळ्यांनी बजावलेलं.

मंगळवारी पेढीवरून बोलावणं आलं. गेलो. विजय गादीवर, उजव्या हाताला पट्टी.

"मिस्त्री, हात बघा याचा," शेठजी म्हणाले. "म्हणतो सायलेन्सरला भाजला. सोड रे पट्टी."

तळहात टरटरून सुजला होता. मधे काळा डाग आणि भोवती पाणी भरलेले फोड. मी पाहिलं आणि ओळखलं. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की दोन-तीन दिवसांत असं फुगून येतं. बिब्बा उतला म्हणतात त्याला.

"सायलेन्सरचं भाजणं असं असतं का?"

"शेठजी, मला इंजिनातलं विचारा. हातातलं डॉक्टरला विचारा."

"डॉक्टर कशाला? लहानपणी मलाही उतल्ता. हा बिब्बा आहे." शेठजी पोराच्या हाताकडं बघत राहिले. "भंगाराच्या पेढीवर बिब्बा कुठला? आणि मुठीत कशाला धरला यानं?" मंग त्यांची नजर वर गेली. पेढीच्या दारावर शनिवारची लिंबू-मिरची टांगलेली होती, खाली काळा बिब्बा. ती त्यांनी बराच वेळ पाहिली. हिशोबाला हा माणूस पक्का. उठले, चपला घातल्या. "चला घरी. मिस्त्री, तुम्ही पण."

घरी भाभीजी पापड वाळत घालत होत्या.

"शनिवारी गाडीला लिंबू-मिरची कुठं बांधल्ती?"

"पुढं. त्या शिट्टी वाजणाऱ्या तोंडापाशी. भाऊंनाही सांगितल्तं मी. का हो?"

शेठजींनी विजयचा हात धरून पुढं केला. भाभीजींनी हात पाहिला, पोराचं तोंड पाहिलं, माझं पाहिलं. हातातला पापड खाली पडला.

"म्हणजे माझ्यामुळं?"

"न्हाई माँ," विजय म्हणाला. "टोपी मी बघायला पाहिजे होती."

"खोटं बोलू नको! हात जाळून घेतला, पण मला सांगितलं न्हाई!" त्या रडायला लागल्या. ओल्या पिठाच्या हातानं पोराच्या गालावर एक चापट मारली आणि त्याच हातानं त्याला कवटाळलं. मी आपला पापडांकडं बघत उभा राहिलो.

शेठजी खुर्चीत बसले. घसा साफ केला. पेढीवर सौदा तोडताना जसं बोलतात तसं बोलायला लागले.

"ऐका. माल आमच्या दारात उतरला, चांगला होता, आणि आमच्याच माणसानं फोडला, तर त्याला माल फेल म्हणत न्हाईत. नुकसान आमचं. मिस्त्री, तुमच्या शिकंज्याच्या वेळी काय केल्तं मी?"

"नवीन आणून दिला."

"मंग. पाऊण चढ मी स्वतः टॉप गिअरमध्ये गेलो. मागं मी बसल्तो, मला माहीत आहे ती कशी ओढत होती. माल पास. प्लॉट याचा." मंग विजयकडं न बघता म्हणाले, "हात बरा होईपर्यंत लेथला हात लावायचा न्हाई."

विजय बापाच्या पाया पडला. मी एक कच्चा पापड उचलून खाल्ला.

भाभीजींनी डोळे पुसले. जरा वेळानं काहीतरी आठवल्यासारखं माझ्याकडं वळल्या. "भाऊ, त्या दिवशी तो ठसका माझ्याच मिरच्यांचा होता?"

"तुमच्याच, भाभीजी."

"चांगला जोरात लागल्ता ना?"

"जोरात म्हणजे? जीप पलटी होत होती."

"मंग बरंय!" त्यांचा चेहराच उजळला. "नजर लागलेली असती तर ठसकाच आला नसता. मिरच्या जाळून दृष्ट काढतात तेव्हा बघतो ना आपण. म्हणजे पोराच्या गाडीला कुणाची नजर नव्हतीच. उगाच बांधलं मी."

यावर शेठजी हसले ते हसतच राहिले. पोट धरून, खोकला लागेपर्यंत.

विजयचा वर्कशॉप आजही चालतो. फटफटीला पुन्हा टर्बो बसवला नाही, तसला छोटा दुसरा मिळालाच नाही. ट्रक-ट्रॅक्टरचे टर्बो मात्र लांब लांबून त्याच्याकडं दुरुस्तीला येतात. दारावर दर शनिवारी भाभीजींनी दिलेली लिंबू-मिरची असते, मशीनपासून चांगली लांब.

बिघडले ते शेठजी. शेवटपर्यंत भंगाराचा ट्रक काट्यावर चढायच्या आधी ते हमालांना थांबवायचे, धोतर वर खोचून स्वतः ढिगात हात घालायचे आणि म्हणायचे, "थांब रे, बघू दे आत काय आहे."

माझा धडा साधा आहे आणि पुतण्यालाही तोच लावून दिलाय. नव्या कामाची पूजा जरूर करा, हार घाला, नारळ फोडा. पण फिल्टर तोवर मिस्त्रीच्या खिशात पाहिजे. भाभीजी घरी गेल्यावर बसवायचा.